धनको आणि ऋणको

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या बुधवार पेठेतून चालणे हा एक व्यायामच असतो. तुळशीबागेत शिरावे तो पितळी निरांजने, तांब्याचे कलश आणि खऱ्याला लाजवतील असे मुलाम्याचे दागिने वाट अडवतात. लक्ष्मी रस्त्यावर सराफांच्या पेढ्या झगमगत असतात. अप्पा बळवंत चौकात शाळेच्या गाइडांच्या शेजारी व्यापाऱ्यांच्या लाल बांधणीच्या वह्या पूजेसाठी सज्ज होऊन बसलेल्या असतात. आणि तापकीर गल्लीत पाऊल टाकले की दिव्यांच्या माळा, बटणे, तारा, सेल आणि बॅटऱ्या यांच्या ढिगांतून वाट काढता काढता गृहस्थाला आपण माणूस आहोत की वायरचे भेंडोळे, असा प्रश्न पडतो.

वरवर पाहता या चार बाजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मुलाम्याचे दागिने घेणारी गृहिणी सेल घ्यायला जात नाही, आणि वह्या घेणाऱ्या व्यापाऱ्याला तांब्याच्या कलशाची घाई नसते. पण जरा आत डोकावले तर या चारही ठिकाणी एकच व्यवहार चाललेला दिसतो. त्यात एक देतो, दुसरा घेतो, आणि दोघांच्याही नावावर त्याची चोख नोंद होते. हा व्यवहार गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामधला नव्हे. तो अणूअणूंमधला आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने अणूंच्या कारभारात कशाला नाक खुपसावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की, पदार्थविज्ञानवाल्यांनी आधी आमच्या घरातले शब्द नेले आहेत. ‘धन’ आणि ‘ऋण’ हे शब्द सावकाराच्या ओसरीवरून उठून प्रयोगशाळेत गेले. आपले शब्द परगावी कसे नांदताहेत, याची चौकशी करायला माहेरच्या माणसाने जाऊ नये की काय?

एक बिनतोड प्रश्न

माझी एक भाची नववीत आहे. विज्ञानाचे पुस्तक पुढे ठेवून ती मला म्हणाली, “मामा, तू मराठी शिकवतोस ना? मग मला सांग, एखाद्याला काही मिळाले तर तो धनवान होतो की कर्जबाजारी?”

“धनवान,” मी म्हणालो.

“मग अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की त्याला ऋण आयन का म्हणतात? आणि ज्याचा इलेक्ट्रॉन गेला, तो बिचारा धन कसा?”

प्रश्न बिनतोड होता. आणि तो तिचा एकटीचाही नव्हता. स्टाफरूममधले आमचे रसायनशास्त्राचे सहकारी सांगतात की, दरवर्षी वर्गातली निम्मी मुले याच दगडाला ठेच लागून पडतात. पुष्कळशी मुले मग ‘गेला की धन, आला की ऋण’ असे पाठ करून टाकतात. पाठ केलेले परीक्षेपर्यंत टिकते आणि निकालाबरोबर वाहून जाते. रसायनशास्त्राची भीती बसते ती बहुधा इथेच. मुलगी विज्ञानाकडे जाणार की विज्ञानापासून पळणार, याचा निकाल पुष्कळदा अशा एखाद्या न सुटलेल्या गाठीवर लागतो.

तेव्हा आधी अणूची ओळख करून घेऊ. अणूच्या मध्यभागी एक लहानसे, घट्ट केंद्रक असते. १९११ साली अर्नेस्ट रदरफर्ड यांनी ते शोधून काढले. त्या केंद्रकात प्रोटॉन असतात आणि प्रत्येक प्रोटॉनावर एक धन विद्युत्‌भार असतो. आजच्या शालेय पुस्तकांत याला ‘प्रभार’ म्हणतात, आणि ते बरेच झाले. कारण नुसते ‘भार’ म्हटले की आपल्या पिढीला भारनियमन आठवते. केंद्रकाच्या भोवती इलेक्ट्रॉन असतात. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी त्यांचा शोध लावला. प्रत्येक इलेक्ट्रॉनावर एक ऋण भार असतो. प्रोटॉनाचा धन भार आणि इलेक्ट्रॉनाचा ऋण भार मापाने अगदी सारखे असतात. अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन. म्हणून सगळ्याची बेरीज शून्य. असा अणू ना कोणाचे देणे लागतो, ना कोणाकडून घेणे.

आता सोडियम घ्या. त्याच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आणि भोवती ११ इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन थराथराने बसतात: आतल्या थरात २, मधल्यात ८ आणि अगदी बाहेर १. हा बाहेरचा एकटा मनुष्य घरात रमत नाही. जरा निमित्त मिळाले की निघून जातो. उलट क्लोरिनाकडे १७ इलेक्ट्रॉन, त्यांची बैठक २, ८, ७ अशी. पंगतीत आठवे पान मोकळे आहे आणि यजमान पाहुण्याची वाट पाहतो आहे. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरिनाकडे जातो. आता सोडियमकडे प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०. हिशेब केला तर एक धन. क्लोरिनाकडे प्रोटॉन १७ आणि इलेक्ट्रॉन १८. म्हणजे एक ऋण. केंद्रकातल्या प्रोटॉनांना या व्यवहारात कोणी हात लावलेला नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. घेणे-देणे होते ते फक्त इलेक्ट्रॉनांचे.

भाचीचा प्रश्न अजून उभाच आहे. ज्याने दिले तो धन का?

सावकाराच्या ओसरीवर

याचे उत्तर मराठीतल्याच दोन जुन्या शब्दांत आहे. कोर्टाच्या आणि बँकेच्या कागदांत ते आजही आढळतात. ज्याने कर्ज दिले तो धनको. ज्याने कर्ज घेतले तो ऋणको. सावकाराने शंभर रुपये दिले म्हणजे त्याच्या पेटीतून शंभर रुपये गेले; तरी धनको तोच. शेजाऱ्याच्या हातात शंभर रुपये आले. तरी ऋणको तो. देणारा धन आणि घेणारा ऋण, ही भाषा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सोडियमने इलेक्ट्रॉन दिला, तो धनको. क्लोरिनाने घेतला, तो ऋणको. एवढे सांगितल्यावर भाचीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, “मग हे पुस्तकात का नाही लिहीत?”

ज्यांना सावकारी रुचत नाही, त्यांच्यासाठी याहून जुना आणि भक्कम आधार आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिला. त्यात शून्य, धन आणि ऋण या तीन प्रकारच्या संख्यांची बेरीज-वजाबाकी कशी करावी, याचे नियम त्याने घालून दिले. त्यांपैकी एका नियमाचा भावार्थ असा की, शून्यातून ऋण वजा केले की धन उरते. आणि शून्यातून धन वजा केले की ऋण उरते. आता अणूकडे पाहा. अणूची एकूण बेरीज शून्य. त्यातून इलेक्ट्रॉन, म्हणजे एक ऋण, निघून गेला. उरले ते धन! ब्रह्मगुप्ताला इलेक्ट्रॉन ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्याला ते ठाऊक होते असा दावा करण्याची हौसही मला नाही. पण हिशेबाचा नियम इतका पक्का बांधलेला होता की, सुमारे साडेबाराशे वर्षांनी सापडलेला इलेक्ट्रॉन त्यात बिनतक्रार बसला.

घोटाळ्याचे मूळ दुसरीकडेच आहे. विजेच्या संदर्भात अधिक आणि उणे ही नावे १७४७ च्या सुमारास अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी रूढ केली. त्यांच्या समजुतीप्रमाणे वीज हा एक प्रवाही पदार्थ होता. तो जिथे जास्त साठला तिथे अधिक, जिथे कमी पडला तिथे उणे. रेशमाने घासलेल्या काचेवर तो जास्त साठतो, असे त्यांनी ठरवले. ठरवले हाच शब्द योग्य; कारण नुसत्या डोळ्यांनी ते कळायला काही मार्ग नव्हता. पुढे दीडशे वर्षांनी इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा लक्षात आले की, घासताना काचेवरून इलेक्ट्रॉन रेशमावर जातात. तोवर पुस्तके छापून झाली होती, यंत्रे बनली होती. नावे तशीच राहिली आणि इलेक्ट्रॉनाच्या कपाळी कायमचे ‘उणे’ आले.

वाटसरू

‘आयन’ या शब्दाचीही एक कथा आहे. इंग्लंडात मायकेल फॅरडे द्रावणांतून वीज सोडण्याचे प्रयोग करीत होते. बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी केलेला हा मनुष्य. शाळेचे शिक्षण बेताचे, ग्रीक-लॅटिन येत नव्हते. पण नवीन गोष्टींना नावे हवी होती. म्हणून १८३४ साली त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि त्यातून जी नावे पक्की झाली त्यांत हा ‘आयन’ होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’. मराठीत आपण त्याला वाटसरू म्हणू. द्रावणात दोन पट्ट्या बुडवून त्या बॅटरीला जोडल्या की काही कण एका पट्टीकडे चालू लागतात, काही दुसरीकडे; म्हणून ते जाणारे. शास्त्रज्ञाने भाषेच्या पंडिताचा दरवाजा ठोठावला आणि पंडितानेही तो आनंदाने उघडला, हे वाचून माझ्यासारख्याला बरे वाटते.

पण हे वाटसरू येतात कोठून? वीज सोडल्यावर ते तयार होतात, असा त्या काळी समज होता. १८८४ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात स्वांते आर्‍हेनियस या पंचविशीतल्या तरुणाने प्रबंध सादर केला. त्याच्या विचाराचे सार असे की, मीठ पाण्यात विरघळले की वीज असो वा नसो, त्याचे धन आणि ऋण कण आपोआप सुटे होतात. परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केले. त्या मतावर आक्षेप मोठा खणखणीत होता: सोडियम हा धातू पाण्यात टाकला की सळसळून पेट घेतो, क्लोरिन हा विषारी वायू. मिठाच्या पाण्यात हे दोघे मोकळे हिंडत असतील, तर आमटी पितो तो माणूस जिवंत कसा राहतो?

उत्तर असे की, सोडियमचा अणू आणि सोडियमचा आयन हे नावाने एक असले तरी स्वभावाने सर्वस्वी वेगळे. अणूकडे तो अस्वस्थ अकरावा इलेक्ट्रॉन असतो. सगळी आग त्याची. आयनाने तो देऊन टाकलेला असतो आणि तो शांत झालेला असतो. क्लोरिनाचेही तसेच. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र येथे ज्या वायूने सैनिकांचे प्राण घेतले, त्याच मूलद्रव्याचा ऋण आयन आपण रोज वरणात घालून खातो. फरक एका इलेक्ट्रॉनाचा. आर्‍हेनियस यांना त्याच विचारासाठी १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जेमतेम उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या आईबापांनी ही गोष्ट जवळ बाळगावी.

फराळाच्या आधीची झाडाझडती

आता घरात या. लक्ष्मीपूजनासाठी चांदीची भांडी बाहेर काढली की ती काळवंडलेली निघतात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची गाठ पडते. तिचे अणू एकेक इलेक्ट्रॉन देऊन बसतात आणि गंधकाबरोबर काळा थर तयार होतो. आपण ती पावडरीने घासतो, काळा थर निघतो आणि त्याबरोबर थोडी चांदीही जाते. आजीच्या काळची वाटी नातीच्या काळात पातळ झालेली असते ती यामुळे.

यावर एक रासायनिक तोड आहे. पातेल्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद घालावा, त्यावर भांडी अशी ठेवावी की ती कागदाला टेकतील. खाण्याचा सोडा घालून वर कढत पाणी ओतावे. ॲल्युमिनियम हा मोठा उदार धनको. त्याचा प्रत्येक अणू ३ इलेक्ट्रॉन देतो. चांदीच्या आयनांना ते मिळतात आणि त्यांची पुन्हा धातूची चांदी होते, तीही जागच्या जागी. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला तर घाबरू नये. तो सुटलेल्या गंधकाचा. मात्र नक्षी उठावी म्हणून मुद्दाम काळे केलेले, किंवा खडे-मोती जडवलेले दागिने यात घालू नयेत.

‘कळकणे’ हे क्रियापद नव्या मुलींना ठाऊक नसते, कारण घरोघरी स्टील आले. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. तिला हिरवट झाक आणि ओकारी आणणारी चव येते. पदार्थातला आंबटपणा आणि हवेतला प्राणवायू मिळून तांब्याकडून दोन-दोन इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि तांब्याचे आयन अन्नात उतरतात. आपल्या बायकांना आयन माहीत नव्हता, पण त्याची चव पक्की ओळखीची होती. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कल्हईवाला कथलाचा पांढरा हात फिरवीत असे, तो या व्यवहाराला घातलेला बांध.

मुलाम्याचे काम म्हणजे याच व्यवहाराची उलट बाजू. द्रावणातल्या धातूच्या धन आयनांना विजेने इलेक्ट्रॉन पुरवायचे, की ते पुन्हा धातू होऊन भांड्यावर किंवा दागिन्यावर बसतात. फॅरडेंनी याचा हिशेब लावून दिला आहे आणि तो पैशापैशाने जुळतो. एक अँपिअरचा प्रवाह एक तास चालला, तर सुमारे ४ ग्रॅम चांदी बसते. पण तांबे बसते फक्त १.२ ग्रॅम. असे का? एक तर तांब्याचा अणू वजनाने हलका; शिवाय चांदीच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन पुरतो, तर तांब्याच्या आयनाला दोन द्यावे लागतात. ज्याचे येणे दुप्पट, त्याची फेड व्हायला वेळही दुप्पट. तुळशीबागेतल्या पाटल्यांवरचा सोन्याचा थर पुष्कळदा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. सोन्या-चांदीच्या मुलाम्याच्या द्रावणात बहुधा सायनाइड असते. तेव्हा हे काम कारागिराकडेच राहू द्यावे.

मुलांना काही करून पाहायचेच असेल, तर बाजारात मिळणारे मोरचूद पाण्यात विरघळवून त्या निळ्या पाण्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवून ठेवावा. थोड्याच वेळात खिळ्यावर तांबूस थर चढतो. लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले, तांब्याने घेतले. वीज नाही, बॅटरी नाही. मोरचूद विषारी आहे. म्हणून प्रयोगाचे भांडे स्वयंपाकात परत आणू नये, हात धुवावेत, आणि शेजारी मोठे माणूस असावे.

तुरटीपासून प्राणापर्यंत

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याचा रिवाज जुना आहे. गाळाचे बारीक कण तळाशी बसत नाहीत, कारण त्यांच्यावर ऋण भार असतो. सगळेच ऋणको, म्हणून एकमेकांना टाळत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा आयन तीन धन भारांचा. तो त्यांच्या ऋणाची फेड करतो. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि खाली बसतात. साध्या मिठाच्या एका भाराच्या आयनाने हे काम इतक्या थोडक्यात होत नाही. तुरटीने पाणी नितळ होते, एवढेच. जंतूंसाठी ते उकळावे किंवा क्लोरिन घालावे लागतेच.

आणि जिथे या हिशेबावर खरोखर प्राण अवलंबून असतात, ती जागा म्हणजे आपले शरीर. आपली प्रत्येक पेशी सोडियमचे आयन बाहेर आणि पोटॅशियमचे आयन आत, अशी राखण करीत बसलेली असते. तीन सोडियम बाहेर टाकायचे आणि दोन पोटॅशियम आत घ्यायचे, असे काम करणारा पेशींतला पंप डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी १९५७ साली दाखवून दिला. मज्जातंतूतून संदेश जातो, हृदयाचा ठोका पडतो, तो या आयनांच्या आतबाहेर होण्यामुळे. डॉक्टर कागदावर काढतात तो हृदयाचा आलेख याच ये-जाचा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की पाण्याबरोबर हे आयनही शरीराबाहेर वाहून जातात. अशा वेळी नुसते पाणी पाजून भागत नाही. आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की, तिथून सोडियमचा आयन ग्लुकोजचा हात धरून आत शिरतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पुडी पाण्यात कालवून ती रोग्यांच्या नातलगांच्याच हातून पाजवली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. हे डॉक्टर २०२२ साली वारले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ही त्याच उपायाची सुधारलेली आवृत्ती आहे. ती हाताशी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे. मीठ जास्त पडू देऊ नये, कारण जास्त मीठ अपायच करते. आणि डॉक्टरांना बोलावण्यात हयगय करू नये.

तापकीर गल्लीतले अधिक-उणे

विजेरीच्या साध्या सेलवर एका टोकाला अधिक आणि दुसऱ्याला उणे असे छापलेले असते. सेलचे बाहेरचे डबडे जस्ताचे. जस्ताचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन त्या डबड्यावर ठेवून स्वतः धन आयन होतात आणि आतल्या लगद्यात उतरतात. मागे डबड्यावर इलेक्ट्रॉनांची गर्दी होते. म्हणून ते टोक उणे. तार जोडली की ही गर्दी तारेतून दिव्यातून होत अधिकच्या टोकाकडे जाते. पुस्तकात मात्र विजेचा बाण अधिककडून उण्याकडे काढतात. ती फ्रँकलिन साहेबांची आठवण. एक अँपिअरचा प्रवाह म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६२ परार्ध इलेक्ट्रॉन. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या संख्यास्थानांच्या यादीतले शेवटचे नाव परार्ध, ते इथे कामाला आले.

मोबाइलच्या बॅटरीत जस्ताच्या जागी लिथियमचे आयन ये-जा करतात. तिच्या शोधासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळाले. लिथियम थोड्याच देशांत सापडते. सोडियम मात्र समुद्राच्या पाण्यात हवे तेवढे. म्हणून जगभर सोडियम आयनाच्या बॅटरीचा पाठपुरावा चालू आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्याच केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेच्या साहाय्याने विकसित केलेले असे तंत्र जाहीर केले. तसे झाले तर आमटीतला वाटसरू उद्या मोटार हाकील.

ताळेबंद

उपमा कितीही चांगली असली तरी ती कोठे थांबते हे सांगणे मास्तराचे कर्तव्य आहे. सावकार व्याज घेतो; सोडियम घेत नाही. सावकार वसुलीला येतो. मिठातला सोडियम आपला इलेक्ट्रॉन कधी परत मागत नाही, कारण देऊनच तो सुखी झालेला आहे. पण धनको आणि ऋणको एकमेकांना सोडीत नाहीत, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे खरी. आणि किती घट्ट धरून ठेवतात ते पाहण्यासारखे आहे. जाड्या मिठाचा एक मिलिग्रॅमचा बारीक खडा घ्या. त्यातले सगळे सोडियम आयन शनिवारवाड्यापाशी ठेवले आणि सगळे क्लोरिनाचे आयन तिथून एक किलोमीटरवर, मंडईच्या थोडे पलीकडे, असे समजा. ते एकमेकांना जवळजवळ अडीच टन वजनाइतक्या जोराने ओढतील. एका खड्यात एवढे बळ दडलेले आहे आणि आपण तो चिमटीत धरून कोशिंबिरीवर टाकतो! काही होत नाही, कारण धन आणि ऋण तिथे बरोबरीने बसलेले आहेत आणि बेरीज शून्य आहे.

ही बरोबरी कामचलाऊ नाही. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या भारांत काही फरक आहे का, हे फार बारकाईने तपासून झाले आहे; एकावर एकवीस शून्यांतला एक भाग इतकाही फरक आढळलेला नाही. आणि कोणत्याही क्रियेत, स्वयंपाकघरातल्या असो की ताऱ्यांच्या पोटातल्या, एकूण विद्युत्‌भार वाढलेला किंवा घटलेला कोणी पाहिलेला नाही. एकाकडे आला तर तो दुसऱ्याकडून गेलेला असतोच.

मुलांना हे सांगताना आपल्या भाषेतले शब्द जरा उघडून दाखवावेत, एवढेच मला पालकांना आणि शिक्षकबंधूंना सुचवावेसे वाटते. धन, ऋण हे शब्द नुसते पाठ करायला दिले तर ती खूण होते. धनको आणि ऋणको सांगितले तर तो हिशेब होतो, आणि हिशेब मराठी माणसाला कळतो. पाडव्याला व्यापारी नव्या वहीचे पहिले पान उघडतील. त्यांच्या जमाखर्चात वर्षाअखेर दोन-चार रुपयांचा फरक निघतो आणि तो शोधण्यात रात्री जातात. निसर्गाच्या विद्युत्‌भाराच्या वहीत असा फरक अजून निघालेला नाही.